बूच नसलेला टब

माझ्या सासरी पाणी साठवायला लागेल ते सगळं होतं. निळे ड्रम, सिमेंटची टाकी, घागरी, स्टीलच्या कोठ्या, बादल्या आणि कोणाच्या तरी लग्नात आंदण आलेला एक पितळी बंब. फक्त टब नव्हता. लग्न होऊन आले तेव्हा हे माझ्या ध्यानातही आलं नाही. घरात काय नाही हे कोणती नवी नवरी बघत बसते? जे आहे तेच तिला उरकता उरकत नाही.

आमचं गाव धाडच्या अलीकडे, बुलढाण्याहून येणाऱ्या रस्त्याला लागून. नळ आठवड्यानं येतो, उन्हाळ्यात त्याहून उशिरा, आणि नक्की कधी येईल ते पाणी सोडणाऱ्यालाही माहीत नसतं. गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी ‘नळ आले वोऽ’ म्हणून ओरडतं आणि तव्यावरची भाकर तव्यावर ठेवून बाया उठतात. ड्रम भरतात, टाकी भरते, मग घागरी, मग पातेली, मग कुकर. तरी पाणी चालूच असलं तर डाळ पेपरावर ओतून डाळीचा डबाही भरतात. वाहतं पाणी सोडून रिकामं भांडं ठेवणं म्हणजे आमच्याकडे अन्न टाकण्यासारखं आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच नळाला मी एक मोठं पातेलं विसरले, तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “रिकामं काऊन ठेवलं वं ते? उद्या काय हवा पेशीन?” मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, वर्गातल्या पोरांना दटावून घरी आलेली. मला असा राग आला होता म्हणता! पण पातेलं भरलं. त्या आवाजापुढं सगळेच भरत.

घरात थोरल्या जाऊबाईंना मोठी म्हणत आणि मला लहानी. मोठीला एक मुलगी होती. मी त्या घरात यायच्या आधीच ती गेली. सव्वा वर्षाची, नुकती भिंतीला धरून चालायला लागलेली. तिच्या नामकरणाला, त्रिशरण-पंचशील झाल्यावर, तिच्या मामानं गुलाबी टब भेट आणला होता. आंघोळ झाली की तिला त्यात बसवत, थोडं कोमट पाणी घालत, आणि ती दोन्ही हात आपटून अंगण भिजवायची. टब ही तिची जागा झाली होती. तो दिसला की ती हातातलं टाकून तिकडं निघायची.

एका नळाच्या दिवशी ती आतल्या खोलीत सतरंजीवर झोपली होती. घरची सगळी माणसं पुढच्या दारी नळापाशी होती. ती जागी झाली आणि मागच्या अंगणात गेली. टब भरलेला होता. मोठी घागर घेऊन मागं आली तेव्हा तिला आधी मुलीचे पाय दिसले. मोटारसायकलवर घालून बुलढाण्याला नेलं. नेण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी नेलं.

ही गोष्ट मला आत्याबाईंनीच सांगितली. त्या ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगत, आणि शेवटी कायम एकच वाक्य असे: “मायचंच ध्यान नव्हतं, कोनाले काय म्हनाचं?” हे वाक्य म्हणत तेव्हा मोठी बहुतेक वेळा तिथंच असायची, पाहुण्यांपुढं चहाचे कप ठेवत. तिच्या हातातला कप कधी हलला नाही.

एकदा मी आत्याबाईंना विचारलं, “पण टब भरलेला कसा होता?” त्यांना एकदम चुलीवरचं दूध आठवलं. नवऱ्याला विचारलं. तो धाडला पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो. पाठमोरा बसून वायरी सोलत होता. तो म्हणाला, “नळाच्या दिवशी आपल्या घरात काय रिकामं असते?” आणि वायर सोलत राहिला. मीही मग विषय सोडला.

मुलगी गेल्यावर थोरले दीर जालन्याला कामाला गेले. येतात, जेवतात, जातात. मोठीला पुन्हा मूल झालं नाही. गावानं तिला काही म्हटलं नाही. गाव म्हणत नसतं, करून दाखवतं. लग्नाच्या मांडवात ती शेजारी येऊन बसली की बाई आपलं लेकरू उचलून दुसऱ्या मांडीवर घ्यायची. आणि मोठीनंही लोकांना कारण दिलं होतं. उघडी बादली तिला सहन होत नसे. घरातल्या प्रत्येक ड्रमाला झाकण आणि झाकणावर दगड. अर्धी राहिलेली बादली दिसली की ती टाकीत ओतून बादली उपडी करणार. एवढं घरात चालून गेलं. पण एकदा शेजारणीच्या ओट्यावर तिचं रांगतं लेकरू आणि भरलेली बादली शेजारी-शेजारी दिसली, आणि मोठीनं तिच्या अंगणात शिरून बादली गटारीत पालथी केली. नळ येऊन बरेच दिवस झाले होते. शेजारीण आमच्या दारात येऊन ओरडली, “पानी काय तुह्या बापानं भरून ठेवलं होतं? सोताचं सांभाळता आलं नाही अन लोकायच्या बादल्या उलथ्या करून राह्यली!” मोठी आत गेली, आमची एक भरली घागर आणली आणि शेजारणीच्या पायाशी ठेवली.

खरं सांगायचं तर मलाही तिची भीती वाटायची. मला दिवस गेले तेव्हा ती मला उठू देत नसे, ताट हातात आणून देई, आणि तरीही तिच्या हातात पाण्याचं भांडं दिसलं की माझा हात आपोआप पोटावर जायचा. काही कारण नव्हतं. ऐकून ऐकून ते वाक्य माझ्याही डोक्यात बसलं होतं.

मला मुलगा झाला. आत्याबाई त्याला पायावर न्हाऊ घालत. मोरीत पाटावर बसायचं, पाय समोर लांब करायचे, बाळाला पालथं घालायचं, तेल, मग हळद-बेसन, आणि मग वाफा निघणारं पाणी. तो किंचाळून लालबुंद व्हायचा. मी दारात उभी राहून म्हणायचे, “आत्याबाई, पाणी फार गरम आहे. कोपरानं पाहावं म्हणतात.”

“कोन म्हनते?”

“मोबाइलवर होतं.”

“मोबाइलनं लेकरं वाढवले काय आम्ही? चटक्याचं पानी सोसलं तं हाडं मजबूत होतात.”

हाडांचं मला ठाऊक नाही, पण त्यांचा हात पक्का होता हे मान्य करायला हवं. तेलानं निसरडं झालेलं लेकरू त्यांच्या पायांवरून कधी बोटभरही सरकलं नाही. आणि त्या न्हाऊ घालत तेव्हा मोठी घरात नसे. पाणी तापलं की आत्याबाई आवाज देत, “मोठे, जाय बरं, दळन घिऊन ये.” ती निमूट पिशवी उचलायची. त्या महिन्यांत आमच्या घरात इतकी दळणं झाली की पीठ डब्यात मावेना. पिठाला अळ्या पडल्या तरी दळण थांबलं नाही.

हिवाळ्यात आत्याबाईंचे गुडघे धरले. तरी त्या हट्टानं पाटावर बसत. एक दिवस न्हाणं आटोपून बाळाला तसंच पायावर घेऊन त्या माझ्या हाती द्यायला वळल्या, गुडघ्यात कळ आली, पाय दुमडला, आणि ओलं लेकरू सुळकन मोरीच्या फरशीकडं घसरलं. मी अर्धी आत होते म्हणून त्याचा दंड माझ्या हातात आला. डोकं फरशीपासून इतकंच वर राहिलं. आत्याबाई नुसत्या बसून राहिल्या. त्या दिवसापासून पाट भिंतीला लागला.

पुढं काही महिने, बाळंतपणाची रजा आणि तिला जोडून आलेली सुट्टी होती तोवर, मी कसंबसं भागवलं. पण उन्हाळ्याची सुट्टी सरत आली होती, शाळा उघडली की मला सकाळी घर सोडावं लागणार होतं. माझी आई डोणगावला, वडिलांच्या आजारपणात अडकलेली. नवऱ्याला बाळ धरता येत असे, तेही कोरडं. म्हणजे मी शाळेत असताना बाळाला आंघोळ घालायची कोणी, दिवसभर पाण्यापासून सांभाळायचं कोणी, हा एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर घरात डाळ निवडत बसलं होतं. फक्त ते कोणी म्हणत नव्हतं. एका दुपारी मी म्हटलं.

“जाऊबाई घालतील की.”

आत्याबाई खाटेवरून ताठ झाल्या. “तिच्या हातात लेकरू अन पानी एका टायमाले द्याचं नाही. म्या जिती हाव तवर नाही.”

मोठी तिथंच सूप घेऊन बसली होती. तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. मग दुसरा शोधायला लागली.

मला दोघींचाही राग आला. असं बोलणाऱ्या सासूचा आला, आणि असं ऐकून घेणाऱ्या जावेचा त्याहून जास्त आला. शिवाय मनातून मलाही ते नकोच होतं, म्हणून स्वतःचाही आला. रागात मी म्हणाले, “मग मी टब आणते. बाळ बसतं आता. त्यात बसवून कोणालाही घालता येईल, गुडघे नाही लागत त्याला.”

त्या घरात तो शब्द किती वर्षांनी आला असेल कोण जाणे. सुपातला हात थांबला. आत्याबाईंनी तोंड भिंतीकडं केलं. बोलून बसले होते. आता माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. दुसऱ्या दिवशी मी मोठीला म्हणाले, “बाई, चला माझ्यासोबत बुलढाण्याला.” ती नाही म्हणेल असंच मला वाटलं होतं. तिनं आत्याबाईंकडं पाहिलं, मग चपला पायात घातल्या.

काळी-पिवळीत बसून आम्ही गेलो. दुकानात टब छतापर्यंत रचलेले होते. निळे, हिरवे, बदकं छापलेले, घडी होणारे, बाळाला टेकायला तिरकी पाठ असलेले. गुलाबीसुद्धा होता, मी त्याच्या पुढं उभी राहिले, म्हणजे तिला दिसू नये. तिला तो आधीच दिसला होता.

दुकानदार एकेक उतरवून दाखवत होता. “हा घ्या मॅडम, मोठा हाय, पोरगं तीन वर्साचं होईस्तोवर कामी येते. मंग त्याच्यात कपडे भिजवा, धान्य ठिवा, पानी भरा. वाया जात नाही.”

मोठी पुढं झाली. तिनं तो टब घेतला आणि उलटा करून तळ पाहिला. खाली ठेवला. दुसरा घेतला, उलटा केला, ठेवला. तिसरा. दुकानदाराला कळेना. “बाई, काय पाहून राह्यल्या?”

“भोक.”

“फुटका नाही बाई एकही. नवा माल हाय.”

“भोक असलेला पाह्यजे.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग तो समजून हसला आणि आतून एक फिकट निळा टब घेऊन आला. बुटका, रुंद, बसका. तळाला रुपयाएवढं भोक आणि त्यात दोरीनं बांधलेलं पांढरं बूच. “हा घ्या. आंघोळ झाली की बूच काढा, पानी आपोआप जाते. अन बूच असं फिट्ट हाय, रातभर भरून ठिवा, थेंब गळनार नाही.”

मोठीनं बूच काढून पाहिलं, लावून पाहिलं, पुन्हा काढलं. “हाच दे,” ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर टब तिच्या मांडीवर होता. गाडी गावाबाहेर पडल्यावर तिनं बुचाची दोरी दातांनी तोडली आणि बूच खिडकीतून बाहेर फेकून दिलं. मी ओरडलेच, “बाई! नवीकोरी वस्तू! काऊन फेकलं?” सासरी राहून मीही तशीच बोलायला लागले होते.

तिनं भोकात बोट घालून पाहिलं. मग म्हणाली, “त्याच्यात पानी राह्यतेच नाही म्हटल्यावर कोनी भरनार नाही.”

घरी आल्यावर मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाशी तिनं टब ठेवला, भोकाचं तोंड झाडाच्या आळ्याकडं. म्हणजे पाणी वाया गेलं असं कोणी म्हणू नये. जुनं लुगडं चौघडी करून तळाला घातलं, बाळ घसरू नये म्हणून. रोज सकाळी ती सगळी तयारी करायची: आधी गार पाणी, मग त्यात गरम, कोपर बुडवून पाहणं, कढत पाण्याची बादली बाळाचा हात पोचणार नाही अशी लांब, पंचा आणि कपडे आधीच माझ्या खांद्यावर. ती एवढं करायची आणि मी बाळाला आणलं की मागं सरकून भिंतीला टेकायची, दोन्ही हात पाठीमागं धरून. मी लोट्यानं पाणी घालायचे, ते बाळाच्या अंगावरून ओघळून भोकातून निघून जायचं. टबात कधी बोटभरही साचलं नाही. आत्याबाई खाटेवरून पाहत असत. टबाचं तोंड त्यांनी पाहिलं, तळ पाहिला नव्हता.

शाळा उघडायला थोडे दिवस राहिले असताना नळ आला. खूप उशिरा आला होता, त्यामुळं गल्लीत नुसती पळापळ. नवऱ्यानं मोटार लावली आणि पाइप पुढच्या दारातून थेट मागच्या अंगणात आणला. बाळ माझ्या कडेवर होतं. पाइप मोठीच्या हातात. आत्याबाई मागच्या अंगणात खाटेवर बसून हुकूम सोडत होत्या. ड्रम झाले. टाकी झाली. कोठ्या, घागरी, पातेली, कुकर. त्या दिवशी पाण्याला जोर होता, थांबेना. सगळं भरलं तरी पाइप वाहत होता. आत्याबाईंची नजर अंगणभर फिरली, काय रिकामं राहिलं ते शोधत. आणि त्या त्याच आवाजात म्हणाल्या, जो मी पातेल्याच्या दिवशी ऐकला होता:

“तो टब रिकामा काऊन ठेवला? भर त्याले बी!”

आधी मला काहीच वाटलं नाही. नळाच्या दिवशीचं रोजचं बोलणं. मग मी मोठीकडं पाहिलं. ती पाइप धरून उभी होती आणि पाणी तिच्याच पायांवर पडत होतं. आत्याबाईंना मी विचारलेला तो प्रश्न, आठवलेलं ते दूध, नवऱ्याची ती पाठ, सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. बाळाला मी इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं.

मोठी टबापाशी गेली आणि सांगितल्याप्रमाणे पाइप टबात टाकला. पाणी गरागरा फिरलं आणि भोकातून बाहेर पडलं. लिंबाचं आळं भरलं, आळ्यावरून पाणी अंगणात पसरलं, पायरीकडं निघालं.

“अवो पानी चाल्लं! बूच लाव ना!” आत्याबाई ओरडल्या.

“बूच नाही त्याले. म्या फेकलं.”

“फेकलं? काऊन फेकलं?”

मोठी त्यांच्याकडं न पाहता म्हणाली, “त्या गुलाबी टबाले होतं.”

आत्याबाईंनी पाय खाटेवर ओढून घेतले. पाणी त्यांच्या खाटेखालून वाहत होतं. ज्या घरात भांड्याच्या तळाचं पाणीही कुंडीत ओततात तिथं पाणी असं वाहत होतं आणि कोणी ते थांबवलं नाही. नवरा पुढच्या दारातून काय झालं म्हणून आला, आमची तोंडं पाहिली आणि परत जाऊन मोटार बंद केली. पाइप दोन-चारदा उसासला आणि गप्प झाला.

मग आत्याबाई म्हणाल्या, अगदी बारीक आवाजात, “त्या दिशी म्याच म्हटलं होतं.”

“हाव,” मोठी म्हणाली. “अन भरला म्या.”

“मंग इतके वर्सं बोलली काऊन नाही वं तू?”

“मले काय बोलाचं होतं? पाइप माह्याच हातात होता. तुमचं तुम्हाले सांगाचं असतं तं तुम्हीच सांगतलं असतं.”

एवढं म्हणून तिनं पाइप गुंडाळायला घेतला. मला वाटलं, आता आत्याबाई रडतील, तिला जवळ घेतील. तसं काही झालं नाही. आमच्या घरात मोठ्यांनी लहानांची माफी मागायची रीत नाही. त्या खाटेवर आडव्या झाल्या आणि तोंडावर पदर घेतला. रात्री जेवायला उठल्या नाहीत. मला त्यांची दया आली नाही. आली असती तर बरं झालं असतं, पण नाही आली. मोठीनं त्यांचं ताट झाकून ठेवलं.

सकाळी पाणी आत्याबाईंनीच तापत ठेवलं. मी बाळाचे कपडे काढत होते. त्या खाटेवरून म्हणाल्या, “मोठे.”

मोठीनं सवयीनं दळणाची पिशवी उचलली.

“दळन राहू दे,” आत्याबाई म्हणाल्या. “घे त्याले.”

मी बाळ पुढं केलं. मोठीनं आधी आपले हात पदराला कोरडे केले. मग त्याला घेतलं, एक हात मानेमागून त्याच्या काखेत, दुसरा खाली, आणि अलगद लुगड्याच्या घडीवर बसवलं. तो हात तिनं नंतर एकदाही काढला नाही. पुढच्या दारात कोणीतरी हाक मारली, माझा फोन वाजला, कुत्रं भुंकलं. तिची नजर बाळावरून हलली नाही. बाळ रिकाम्या टबाच्या तळावर हात आपटत होतं. पाणी नव्हतंच उडायला, तरी दरवेळी तिच्या पापण्या लवल्या.

हाक मारणारी शेजारीण होती, ती बादलीवाली. विरजण मागायला थेट मागच्या अंगणात आली आणि वाटी हातात घेऊन जागच्या जागी थांबली. “आत्या,” ती म्हणाली, “आज हिच्या हाती देलं काय लेकरू?”

मी आत्याबाईंकडं पाहिलं. मोठी पाहत नव्हती, पण तिच्या हातातला लोटा हवेत थांबला होता. सांगायला याहून चांगली वेळ येणार नव्हती, आणि याहून चांगली बाईही नाही. दुपारपर्यंत गावभर झालं असतं. आत्याबाईंचे ओठ हलले. त्यांनी एकदा टबाकडं पाहिलं, एकदा लिंबाकडं, आणि मग गुडघ्यावरून हात फिरवला.

“काय करता बाई,” त्या म्हणाल्या. “गुडघे धरले माहे.”

शेजारणीनं मान हलवली. म्हणजे इलाज नाही म्हणून दिलं, असं तिला कळलं, आणि तेच ती पुढं सांगणार होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल जे ऐकलं ते सगळं मी ओरडून सांगणार होते. तोंड उघडलंही होतं.

“लहाने,” मोठी म्हणाली. तिनं वर पाहिलं नव्हतं. लोटा रिकामा करून तिनं माझ्याकडं धरला होता. “पानी दे. लेकरू थंडं पडते.”

मी लोटा भरून तिच्या हातात दिला.